टिल्लूकाकांचा पेटता बाण

सुनंदाकाकूंनी फोडणीसाठी मिसळणाचा डबा उघडला, तर मोहरीच्या वाटीत हिरवा दिवा लागलेला होता. त्या किंचाळल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांची किंचाळण्याची हौस केव्हाच फिटली आहे. त्यांनी चमच्याने दिवा बाजूला सारला, मोहरी घेतली, फोडणी केली आणि मग गराजच्या दिशेने हाक मारली, "अहो, तुमचं ते लुकलुकणारं मोहरीत पडलंय!"

"पडलं नाहीये, ठेवलंय," आतून टिल्लूकाकांचा आवाज आला. "डस्ट टेस्ट चालू आहे. दोन दिवस हात लावू नकोस."

मी त्यांचा शेजारी. वेस्ट विंडसरमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे शनिवारी सकाळी पोह्यांचा वास आला की मी काहीतरी परत करायच्या निमित्ताने तिकडे जातो. त्या दिवशी काय परत करायला गेलो होतो ते आठवत नाही. पण पोहे खाऊन झाल्यावर फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीवर दुसरा दिवा आणि बादलीतल्या पाण्यात तिसरा दिवा मी स्वतः पाहिला. ते दिवे म्हणजे काकांच्या बाणांच्या शेपट्या होत्या.

हो, टिल्लूकाका बाण मारतात. अडुसष्टाव्या वर्षी, साध्या लाकडी धनुष्याने, हरणांवर. रीतसर कोर्स करून, परीक्षा देऊन, लायसन्स काढून ते दर हंगामात रानात जाऊन बसतात. सात हंगामांत त्यांनी शून्य हरणं मारली आहेत. ते रानात बसलेले असतात तेव्हा हरणं त्यांच्या परसात काकूंचे टोमॅटो खात असतात. काकू म्हणतात, "हे घरी नसले की ती माहेरी आल्यासारखी येतात."

काकांनी तीस वर्षं एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. गोळीत ठरलेलं आहे तेवढंच औषध आहे का, हे तपासण्यात माणसाची उमेदीची वर्षं गेली की त्याचा कशावरच विश्वास राहत नाही. काकांची दोन वाक्यं ठरलेली आहेत. एक, "लिहिलं नाही म्हणजे झालं नाही." दुसरं, "सँपल साइझ काय?" मी एकदा काकूंना म्हटलं, तुमच्या हातची पुरणपोळी म्हणजे काय सांगू! काका लगेच, "सँपल साइझ?" मी म्हटलं, तीन. "तीनवर निष्कर्ष काढता येत नाही," म्हणाले आणि मला चौथी वाढली. या एका बाबतीत मला त्यांची शिस्त मान्य आहे.

अशा माणसाने मारलेल्या प्रत्येक बाणाची नोंद असणार हे उघड आहे. गराजमध्ये एक हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर आहे. तारीख, अंतर, वारा, बाण क्रमांक, निकाल. खाडाखोड झाली की एक रेघ मारून सही. खोटी नोंद करणाऱ्याला काका चोरापेक्षा खालचा समजतात.

हा धनुष्याचा नाद त्यांना वॉल्टने लावला. वॉल्ट समोरच्या घरात राहतो. वय त्र्याऐंशी, शाळेत सुतारकाम शिकवायचा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. काका रिटायर झाल्यावर तीन महिने ड्राइव्हवेवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मोजत होते. चौथ्या महिन्यात वॉल्टने रस्ता ओलांडून त्यांच्या हातात एक धनुष्य दिलं आणि म्हणाला, "टिल, हे ओढून बघ." वॉल्ट अर्थातच इंग्रजीत बोलतो, मी त्याला इथे मराठी बोलायला लावतोय. वॉल्टला यंत्रं आवडत नाहीत. कप्प्या लावलेली आधुनिक धनुष्यं बघितली की तो म्हणायचा, "याने बाण मारण्यापेक्षा विहिरीचं पाणी काढावं." बाण कुठे लागला यापेक्षा तो जाताना कसा दिसला याचंच त्याला जास्त कौतुक. "टिल, बाण जाताना बघायचा असतो. बाकी हरीण काय, दुकानातही मिळतं."

आणि अशा गुरूच्या चेल्याने बाणाला बॅटरी लावायचं ठरवलं होतं.

बाणाच्या शेपटाला प्लास्टिकची खाच असते, तिच्यात धनुष्याची दोरी अडकते. त्या खाचेला नॉक म्हणतात. दिव्याच्या नॉकमध्ये एक बारीक फट असते. बाण सुटताना दोरीचा धक्का बसला की फट मिटते आणि दिवा लागतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात बाण कसा गेला, कुठे पडला, ते दिसतं. एवढंच. बाकी कोणीही माणूस दोन पाकिटं मागवून मोकळा झाला असता. काकांनी सहा महिने लावले.

पहिली अडचण म्हणजे हे दिवे त्या विहिरीवाल्या दणकट धनुष्यांसाठी केलेले. काकांच्या बेचाळीस पौंडांच्या ओढीच्या लाकडी धनुष्याचा धक्का त्यांना पुरेना. पहिल्या जातीचे दहातले चारच पेटले. दुसरी जात धनुष्याच्या जाड दोरीवर बसेना, म्हणून काकांनी दोरीच बदलली. मग कळलं, दिव्यामुळे शेपूट जड होतं आणि बाण हवेत कुत्र्यासारखा शेपूट हलवत जातो. मग टोक जड केलं. वॉल्टने हाताने तासलेल्या लाकडी बाणांत दिवा बसतच नव्हता, म्हणून गळाच्या काठीसारखे कार्बनचे पोकळ बाण आले. वॉल्टने एक हातात घेतला आणि "मासे कुठे धरायला जायचंय?" असं विचारून परत दिला. रंगाचा तर मला रीतसर डेमो झाला. काकांनी मला अंगणाच्या टोकाला उभं केलं आणि सुकलेल्या पानांत एक लाल आणि एक हिरवा दिवा टाकला. "कुठला आधी दिसला?" मी म्हटलं, हिरवा. "बरोबर. आपल्याकडे फॉलमध्ये सगळंच लाल. लाल घेणारा मूर्ख." मी मागच्या आठवड्यात लाल जाकीट घेतलं होतं.

"पण काका, तुम्हाला कशाला हवेत हे दिवे?" मी विचारलं.

"डोळे गेले रे माझे," काका म्हणाले. "संध्याकाळचा बाण दिसतच नाही."

ही बातमी काकांनी स्वतःच सगळीकडे केली. मंडळाच्या गणपतीत त्यांना चार जणांनी गाजराचा रस सांगितला आणि एका मावशींनी त्राटक. वॉल्ट तर मला रस्त्यात थांबवून हळहळला, "बिचारा टिल. डोळे गेले त्याचे. लावू दे हो त्याला दिवा."

मग एकदा मी काकांबरोबर इंडियन ग्रोसरीत गेलो होतो. मी बेसनाची पिशवी उचलली. काका हातभर अंतरावरून, चष्मा कपाळावर ठेवून म्हणाले, "ठेव ती. जूनची एक्सपायरी आहे. मागची घे, डिसेंबरची."

मी पिशवी डोळ्याला लावली तेव्हा कुठे मला तो जून दिसला.

"काका, तुमचे डोळे तर..."

"गाडीत बस," काका म्हणाले.

गाडीत त्यांनी पट्टा लावला, किल्ली हातात धरली आणि गाडी सुरूच केली नाही. "वॉल्टला मधलं दिसत नाही आता. फक्त कडेचं दिसतं. मागच्या हंगामात त्याने बाण मारला आणि मला विचारलं, कुठे गेला? तीनदा विचारलं. नंतर म्हणाला, खांदा दुखतो, मी नाही मारत आता. खांद्याला काही झालेलं नाही यार, परवा त्याने एकट्याने कपाट हलवलं." काका काचेतून समोरच्या शॉपिंग कार्टांकडे बघत होते. "थँक्सगिव्हिंगला त्याची मुलगी त्याला ओहायोला घेऊन जाणार. घर विकलं. हा एकच हंगाम आहे. दिवा त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो, मी चेक केलंय. एक बाण त्याला जाताना दिसला पाहिजे. बास."

"मग सरळ सांगा ना त्याला."

"त्याच्यासाठी म्हटलं तर तो बॅटरीला हो म्हणेल? माझ्यासाठी म्हणून हो म्हणाला." मग त्यांनी गाडी सुरू केली. "कुणाला बोललास तर पोहे बंद."

दसरा आला. काकूंकडे शस्त्रपूजा असते. इतकी वर्षं त्या कात्री, विळी आणि काकांचा लॅपटॉप पुजायच्या, पण सात वर्षांपासून घरात खरं शस्त्र आहे. पाटावर धनुष्य, त्याच्या शेजारी तीन बाण, झेंडूची फुलं. आपट्याची पानं इथे कुठली? परसातल्या रेडबडची पानं आपट्यासारखीच दिसतात, म्हणून तीच. वॉल्टलाही बोलावलं होतं. त्याला पान देऊन काकू म्हणाल्या, "हे सोनं." वॉल्टने ते हुंगलं आणि शर्टाच्या खिशात जपून ठेवलं.

काकूंनी धनुष्याला हळदकुंकू वाहिलं. काका म्हणाले, "थांब, मी लावतो," आणि ओल्या कुंकवाचं बोट त्यांनी तिन्ही बाणांच्या नॉकवर भक्तिभावाने, दाबून टेकवलं. ज्या माणसाने ते नॉक गोठवले, भिजवले, मोहरीत पुरले, त्याने. एरवी त्यांनी लगेच बाण मारून बघितला असता. पण पूजेतलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेताच्या कडेच्या झाडीत. मला नेलं होतं ते वॉल्टला मुळांवरून हात धरून चालवायला. अर्थात वॉल्टला सांगितलं होतं की काकांचे डोळे अधू आहेत, म्हणून मी सोबत. पडलेल्या एका झाडाला टेकून आम्ही बसलो. माझा पाय झोपला, नाक खाजलं, ऑफिसच्या दोन मीटिंग मनातल्या मनात झाल्या. सूर्य टेकला आणि पंधरा पावलांवर एक हरिणी येऊन उभी राहिली.

काकांनी हळूच उभं राहून धनुष्य ओढलं. वॉल्टने मान तिरकी केली, डोळ्याचा कोपरा पुढे आणला.

बाण सुटला. दिवा लागला नाही.

करडा बाण करड्या उजेडात गेला, हरिणीच्या पाठीवरून, आणि पलीकडे पानांत कुठेतरी रुतला. हरिणी दोन उड्यांत दिसेनाशी झाली. काका धनुष्य हातात धरून तसेच उभे. सहा महिन्यांचं काम माझ्या डोळ्यांदेखत वाया गेलं होतं आणि मला भयंकर वाईट वाटलं.

"वा!" वॉल्ट म्हणाला. "पाहिला. शेवटपर्यंत पाहिला, टिल. हिरवागार."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"जा, घेऊन ये," वॉल्ट म्हणाला. "दिवा आहे, लगेच सापडेल."

आता आली का पंचाईत? आम्ही दोघं झाडीपलीकडे जाऊन पानांत रांगायला लागलो. काका मधूनमधून ओरडत, "हां, दिसला! आलोच!" आणि आम्हाला एक शेवाळलेलं लाकूड आणि एक गोल्फचा बॉल सापडला. शेवटी काकांनी पाठीवरच्या भात्यातला दुसरा बाण काढला. अंगठ्याने नॉक दाबला. पेटेना. त्यांनी नॉक डोळ्याजवळ नेला, नखाने फटीतून काहीतरी लाल खरवडून काढलं, पुन्हा दाबला. हिरवा दिवा लागला. त्या उजेडात मला काकांचा चेहरा दिसला. तीस वर्षांत एक खोटा रिपोर्ट न लिहिलेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि तो खूप घाबरलेला होता.

"सापडला!" त्यांनी बाण वॉल्टच्या हातात दिला.

वॉल्टने तो चेहऱ्याच्या बाजूला धरला, बराच वेळ तिरक्या नजरेने बघितला. मग जुन्या सवयीने त्याचा अंगठा पुढच्या टोकाकडे गेला, पात्याच्या मागच्या काडीवरून फिरला. मातीत रुतलेल्या बाणाला तिथे माती लागलेली असते. ही काडी कोरडी होती, स्वच्छ. अंगठा क्षणभर तिथेच थांबला.

"चांगला बाण," वॉल्ट म्हणाला. "छान गेला." आणि त्याने उठायला हात पुढे केला. माझ्याकडे नाही, काकांकडे.

खरा बाण आम्हाला सकाळी मिळाला. नॉकच्या फटीत वाळलेलं कुंकू. "रूट कॉज," काका एवढंच म्हणाले.

थँक्सगिव्हिंगच्या आधी वॉल्ट ओहायोला गेला. जाताना त्याने आपले सगळे लाकडी बाण काकांच्या गराजमध्ये ठेवले. त्यानंतरच्या शनिवारी मी गेलो तेव्हा काका तिथे स्टुलावर बसले होते, पोहे निवले होते आणि त्यांनी खाल्ले नव्हते. बाकावर हिरवं रजिस्टर उघडं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची नोंद मी वाचली. अंतर पंधरा पावलं. वारा नाही. बाण क्रमांक दोन. शेवटच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: पेटला. खाडाखोड नव्हती. खाली सही होती.

"काका," मी म्हटलं, "पुरावा?"

"साक्षीदार आहे. त्याने पाहिला."

मी त्यांना थोडं हसवावं म्हणून विचारलं, "सँपल साइझ?"

"एक," काका म्हणाले. मग रजिस्टर मिटून त्यांनी त्यावर हात ठेवला. "एकच होता रे."