कंसातले सामंतकाका

आमच्या जेसल पार्कच्या सोसायटीत एकदा नोटीस लागली: ‘उद्यापासून पाणी [सकाळी] [संध्याकाळी] सोडण्यात येईल.’ सगळ्यांनी दोन्ही वेळा बादल्या घेऊन नळाची वाट पाहिली आणि सेक्रेटरी मेहताभाईंना शिव्या घातल्या. मेहताभाई हात जोडून म्हणाले, “मेरा कुछ नहीं, सामंतकाका ने लिखवाया है.”

सामंतकाका म्हणजे माझ्या समोरचं दार. उभा जन्म दिल्लीला व्यापार खात्यात गेला. परदेशात देशादेशांचे करार ठरत, तिथे ते आपल्या बाजूने भांडायला जात. पुढे गरीब देशांना आपला माल जगात विकता यावा म्हणून काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेचे ते प्रमुखही झाले. अशा करारांत ज्या शब्दावर एकमत होत नाही तो चौकोनी कंसात टाकायचा आणि पुढच्या ओळीकडे वळायचं, अशी पद्धत असते. काकांनी रिटायर होताना ती सोबत आणली. सोसायटीच्या मीटिंगला पार्किंगवरून हमरीतुमरी झाली की ते शांतपणे म्हणत, “हे कंसात ठेवू.” भांडण थांबे, गाड्या मात्र जिथल्या तिथेच राहत.

घरातही तेच. “भाजी काय करू?” असं सुधाकाकूंनी विचारलं की हे म्हणणार, “तुझी भूमिका काय आहे?”

“अगं, भेंडी की दुधी एवढंच विचारलं होतं मी,” काकू मला सांगायच्या.

काका दिल्लीला नाहीतर परदेशात असताना काकूंनी या फ्लॅटमध्ये एकटीने मुलगी वाढवली, तिचं लग्न करून दिलं. एकटं राहायची त्यांना सवयच झाली होती. काका कायमचे घरी आले आणि दोघांचं रोज काहीतरी बिनसायला लागलं. शेवटी काकूंनी जाहीर केलं, मी रत्नागिरीला बहिणीकडे जातेय. चार दिवसांसाठी नाही, कायमची.

त्या रविवारी सकाळी काकांनी मला बोलावून घेतलं. “तटस्थ माणूस हवा,” म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घालून ते डायनिंग टेबलाशी बसले होते. समोर काकू लसूण सोलत होत्या.

“सकाळचा चहा मी करीन,” काकांनी सुरुवात केली.

“बरं.”

“टीव्हीचा रिमोट तुझ्याकडे.”

“बरं.”

“सोसायटीच्या मीटिंगा बंद.”

“मेहताभाई पेढे वाटतील,” काकू म्हणाल्या. मला हसू आलं, पण काकांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

“तुझ्या जाण्याचा मुद्दा तूर्त कंसात ठेवू,” काका म्हणाले.

काकूंनी सुरी खाली ठेवली. “मी नाही राहणार कंसात. तुम्हाला काय हवंय ते सरळ सांगा ना.”

एवढ्या देशांशी बोललेला माणूस, पण तो शर्टाची बाही सारखी करत बसला. मग टेबलाकडे बघत काका म्हणाले, “मला एकट्याला जेवण जात नाही, सुधा. तिकडे होतो तेव्हाही जात नव्हतं. हॉटेलच्या खोलीत ताट तसंच राहायचं.”

“आणि फोनवर म्हणायचात, सगळं उत्तम चाललंय.”

“तू इथे सगळं एकटी निभावत होतीस. तुला आणखी हे काय सांगायचं?”

मला फार वाईट वाटलं, दोघांचंही. काकू लसणाच्या साली गोळा करत राहिल्या.

“मला जायचंच आहे,” त्या म्हणाल्या. “बहीण वाट बघतेय. तुम्हीही चला.”

ही शक्यता काकांच्या डोक्यात आलीच नव्हती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि अगदी हळू विचारलं, “मी चालेन तिथे?”

“चालाल हो,” काकू म्हणाल्या. “तिथे सगळे एकत्रच जेवायला बसतात.”