केरप्पाची दोन नळ्यांची गाडी

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात डांबरी रस्ता आला. रस्त्यामागून गाड्या आल्या आणि गाड्यांमागून ही गोष्ट आली.

त्या जंगलात केरप्पा नावाचं एक अस्वल राहायचं. त्याच्याकडे वडिलांच्या वेळची पिकअप गाडी होती. पुढे गोल दिवे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. केरप्पा आणि त्याची बायको शेवंता डोंगरातून मध काढायचे, मडक्यांत भरायचे आणि आठवडी बाजाराला घेऊन जायचे.

गाडी म्हातारी होती, पण तिचा आवाज मऊ होता. वाटेत दोघांच्या गप्पा चालायच्या. वळण आलं की शेवंता म्हणायची, "अहो, सावकाश. मडकी हलतायत." केरप्पा सावकाश घ्यायचा. मध कधी सांडला नाही.

एकदा ओढ्यातून जाताना गंजलेला सायलेन्सर दगडाला अडकला आणि तुटून पडला. दोघं गाडी घेऊन गुलाब मिस्त्रीकडे गेली. हा मिस्त्री वानर होता. गाडीखाली शिरताना तो शेपूट कमरेला गुंडाळून घ्यायचा.

खालूनच त्यानं विचारलं, "अण्णा, नवीन कसा बसवू? एक नळी की दोन? मागून काढू, बाजूनं काढू, की केबिनमागून चिमणीसारखी वर नेऊ? मध्ये डबा टाकू की मोकळीच ठेवू?"

"होता तसाच बसवा," शेवंता म्हणाली.

"थांब जरा," केरप्पा म्हणाला.

त्याच्या मनात एक सल होता. मागच्या बाजाराला रानडुकराची गाडी मागून गरजत आली, तेव्हा केरप्पाला रस्ता सोडून चिखलात उतरावं लागलं होतं. सगळा बाजार त्या गाडीकडे बघत होता. केरप्पाच्या गाडीकडे आजवर कुणी मान वळवली नव्हती.

"डबा काढला तर काय होतं?" त्यानं विचारलं.

"आवाज वाढतो."

"आणि ताकद?" शेवंतानं विचारलं.

गुलाब मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. "वहिनी, ताकद आहे तेवढीच राहते. पण वाढल्यासारखी वाटते."

बाजार समितीचे अध्यक्ष कोल्हेसाहेब तिथंच टायरमध्ये हवा भरून घेत होते. ते म्हणाले, "केरप्पा, गाडी जुनी असली तरी चालते. पण ती आली हे कळलं पाहिजे."

केरप्पानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "दोन नळ्या. बाजूनं. डबा नको. आणि चकचकीत असू दे."



बाजाराच्या दिवशी मडकी भरून दोघं निघाली. गाडी सुरू होताच झाडांवरचे पोपट उडाले. एक मुंगूस चालता चालता बिळात पडलं. केरप्पाची छाती फुगली.

घाटात शेवंतानं मागं वळून पाहिलं. हौद्याची फळी निघाली होती. ती म्हणाली, "अहो, थांबवा. मडकी पडतायत."

केरप्पाला तिचे ओठ हललेले दिसले. तिला आवाज आवडला असं समजून त्यानं हसून मान हलवली आणि गाडी आणखी पळवली. तिनं त्याचा दंड धरून हलवला. ती घाबरली असेल म्हणून त्यानं तिचा हात थोपटला. मागे एकेक मडकं रस्त्यावर फुटत होतं. फुटल्याचा आवाज कुणालाच आला नाही.

बाजारात गर्दी जमली. केरप्पा ऐटीत उतरला, मागे गेला आणि तिथंच उभा राहिला. हौद्यात एकही मडकं उरलं नव्हतं.

"किती वेळा सांगितलं," शेवंता त्याच्या कानाशी ओरडली.

"मला वाटलं, तू छान म्हणत होतीस."

त्याला रडू यायला लागलं. तो गाडी बंद करायला वळला, पण लोकांनी करू दिली नाही. पोरं नळ्यांपाशी नाचत होती. एक म्हातारी साळिंदर भांडं घेऊन आली. "मध आहे का रे?" तिनं विचारलं.

"आजी, मध नेहमीचाच," कोल्हेसाहेब तिच्या कानात ओरडले. "आज गाडी बघा."

म्हातारीनं गाडी बघितली आणि रिकामं भांडं घेऊन आनंदानं घरी गेली.

मग कोल्हेसाहेबांनी केरप्पाला हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. केरप्पा प्रामाणिकपणे म्हणाला, "माझा सगळा मध सांडला. चूक माझी आहे." गाडी सुरूच होती. कुणाला काही ऐकू आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी तो समितीचा उपाध्यक्ष झाला. शेवंता म्हणाली, "आता तरी डबा बसवून घ्या." तो म्हणाला, "आता कसा बसवू? लोक काय म्हणतील?"

शेवंतानं हातगाडी घेतली. ती मध भरून एकटीच बाजाराला जाऊ लागली. हातगाडीला आवाज नव्हता, त्यामुळे ती कधी आली नि कधी गेली हे फारसं कुणाला कळत नसे.

पुढे जंगलात मधाची टंचाई असल्याची ओरड झाली. समितीनं सभा बोलावली. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष केरप्पा होते. शेवंता भरलेली मडकी घेऊन दारात उभी होती आणि आत काहीतरी सांगत होती. बाहेर सभासदांच्या गाड्या सुरू होत्या. केरप्पानं तिच्याकडे पाहून हसून मान हलवली.

तात्पर्य : माल सांडला तरी चालेल, आवाज सांडू देऊ नये. आणि मुलांनो, शेजारी बसलेलं माणूस पुन्हा पुन्हा काही सांगत असेल, तर ते आपलं कौतुकच आहे असं समजून गाडी आणखी जोरात हाकावी.