दोन बोटांचा ढाळ

पार्किंगचा नवा कोबा झाला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि सोसायटीचे सेक्रेटरी महेश शिरसाट यांची झोप उडाली.

सात पावसाळे पार्किंगचं पाणी त्यांच्या उंबऱ्यावरून आत येत होतं. गेल्या साली गव्हाची कोठी भिजली, तेव्हा मंजुषाने बजावलं होतं, "पुन्हा पाणी आलं तर मी चालले वणीला, माहेरी. तुम्ही बसा उपसत." म्हणून २००२ च्या मे महिन्यात महेशरावांनी एकेकाच्या नाकदुऱ्या काढून काम मंजूर करून घेतलं. तळमजल्यावर तीन घरं एका रांगेत: मागच्या भिंतीशी प्रतिभाबाई, मध्ये महेशराव, गेटाशी खंडेराव. लहानू मिस्त्रीने मागून गेटाकडे ढाळ धरून दोरी ताणली. प्रत्येक दारासमोर एक खुंटी; दोरी जिथे, तिथवर कोबा.

"दोरीला कोणी हात लावू नका," लहानू म्हणाला. "ती हलली तर पाणी कुठं जाईल, माझं मलाच कळायचं नाय."

महेशराव अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतः चूक करायची सवय नसते. पण त्या दुपारी सेकंड शिफ्टला निघताना पाहतात तो लहानू भाकरी खाऊन, तोंडावर गमछा टाकून झोपलेला. समोर खुंटी. गव्हाला आलेला तो कुबट वास आठवला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या दारासमोरची दोरी दोन बोटं वर सरकवली. तिसरं बोटही सरकलं असतं, पण टॉलरन्सच्या बाहेर जायला मन धजेना.

संध्याकाळपर्यंत कोबा पडलासुद्धा. आता आपल्या दारातलं पाणी बिचाऱ्या खंडेरावांच्या घरात शिरणार, या विचाराने महेशरावांना घास उतरेना. त्यात लहानूने कोबा मुरायला मातीचे बांध घालून त्यावर पाणी कोंडून ठेवलेलं, त्यामुळे ढाळाचा अंदाजही येईना. खंडेराव रोज पाठीवर हात ठेवून म्हणत, "सेक्रेटरी, तुमच्यामुळं झालं हो हे काम." महेशराव कसंनुसं हसत आणि घरात जाऊन पाणी पीत.

पंधरा दिवसांनी, रविवारी, लहानूने बांध काढले. त्याच सकाळी वरची टाकी धुवायला घेतली होती. मागच्या पाइपातून धो धो पाणी सुटलं. सगळे दारात उभे. महेशराव श्वास रोखून खंडेरावांच्या उंबऱ्याकडे बघत होते.

पाणी प्रतिभाबाईंच्या दारावरून सरळ खाली आलं, महेशरावांच्या दारापाशी थांबलं, जरा फुगलं आणि आत गेलं.

"अहो," आतून मंजुषा म्हणाली. तेवढंच म्हणाली.

"असं कसं? गेट तर तिकडे आहे," महेशराव पुटपुटले.

लहानूने डोकं खाजवलं. "दोरी उचललीय कोणीतरी. थांबा, नळीत पाणी भरून लेव्हल लावतो. कोणाच्या दारात कोबा किती वर आलाय, आत्ता सांगतो सगळ्यांसमोर."



"राहू द्या हो," प्रतिभाबाई म्हणाल्या. "झालं ते झालं."

"उन्हाचा कशाला त्रास घेतो, लहानू," खंडेराव म्हणाले. "चहा घे."

मग सगळ्यांनी महेशरावांकडे पाहिलं. पाणी त्यांच्या घरात, तक्रार करायचा हक्क त्यांचा. त्यांचे कान तापले. "खरंय," ते म्हणाले. "एवढ्याशा पाण्यानं काय होतंय?" त्यांच्या चपला तरंगत हॉलमध्ये निघाल्या होत्या.

माणसं पांगल्यावर लहानू जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मी सकाळीच मोजलं. मागं बाईंनी तीन बोटं उचलली. खंडेरावांनी चार, म्हणून गेटाशी बांधच झाला. मधी तुमचं दोनच."

महेशरावांना आधी लाज वाटली, मग पंधरा दिवसांच्या तळमळीचा भयंकर राग आला. नेमका कोणाचा, ते त्यांना ठरवता येईना.

मंजुषा पिशवी भरून दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. आता नवऱ्याच्या लबाडीवर ही काय बोलते, या धास्तीने महेशरावांनी मान खाली घातली.

तिने साडी वर धरली, पाण्यातून उंबरा ओलांडला आणि वणीच्या गाडीसाठी निघता निघता म्हणाली,

"हाताला पाच बोटं असतात हो."