सुंदररावांचा आवाज कोण दाबतंय?

अख्ख्या वडवणी तालुक्यात डिटेक्टिव्ह एकच, आणि तो मी, उत्तरेश्वर. नजर घारीची, कान सशाचे. डोक्याबद्दल लोकांनी बोलावं, आपण बोलणं बरं दिसत नाही. हरवलेल्या शेळीपासून पळालेल्या नवरदेवापर्यंत सगळ्या केसेस मी हाताळल्यात. शेळी आपली आपण परत आली, तो भाग वेगळा. माझा मेहुणा सटवा हा माझा असिस्टंट. त्याला या कामाची काडीचीही हौस नाही, पण बहिणीच्या धाकानं येतो.

ऐन दुष्काळात आम्हाला बोलावणं आलं ते दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांचं. दारात हंडे-कळशांची रांग, कारण टँकरचा दिवस होता. टँकरला ठरलेली वेळ नसे. कोपऱ्यावर हॉर्न मारायचा, बाया दिसल्या तर थांबायचा, नाहीतर सरळ पुढच्या वस्तीवर. मी रुबाबात आत शिरलो आणि एक कळशी गडगडत गेली.

"जपून, भाऊजी," चेअरमनची बायको छबुबाई म्हणाली.

"उत्तरेश्वर, लई नाजूक मामला हाय," सुंदररावांनी नव्या होम थिएटरकडं बोट केलं. "चांगला दणदणत असतो, अन् मधीच पुटपुटाय लागतो. घटकाभरानं आपोआप वाढतो. रिमोट तर माझ्या हातात!" त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला टीव्हीचा रिमोट दाखवला. "आज दुपारी केबलवर माझी मुलाखत हाय. इलेक्शन तोंडावर, समदी गल्ली बोलावलीय. माझ्याच घरात माझा आवाज बसला तर मतं कोण दील?"

"व्होल्टेज!" मी ताडलं आणि बोर्डात टेस्टर घातला. व्होल्टेज भरपूर होतं. कोपरापर्यंत होतं.

"दाजी, मराल की!" सटवा ओरडला.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टर धडधडला आणि चालू टीव्हीचा आवाज बसला. ट्रॅक्टर गेला, आवाज वाढला. मी खिडकीतून पाहिलं, तर विरोधी पॅनलचे विठ्ठलराव समोरच्या गच्चीवर काहीतरी आपल्याकडं रोखून उभे! आम्ही जिना चढून झडप घातली. हातात चष्म्याचं घर निघालं.

"कावून बे? आता चष्मा पुसायलाबी चेअरमनची परवानगी लागती का?"

मग मी होम थिएटरचा मोठा डबा उचकटला. आत पाल होती. "हीच ती!" मी गरजलो. पाल सटवाच्या सदऱ्यात शिरली. सटवा अंगणात नाचत असतानाच एक ट्रक गेला आणि आवाज पुन्हा बसला.

"दाजी," सटवा धापा टाकत म्हणाला, "छबुताई सारख्या दाराआड कावून उभ्या राहत्यात?"

"घर त्यांचं, दार त्यांचं. तू पालीवर लक्ष दे."

शेवटी मी हुकमी डाव टाकला. भजनी मंडळाचा अँप्लिफायर आणि कर्णा आणून थेट टीव्हीला जोडला, बटण पार शेवटपर्यंत पिळलं आणि त्यावर हात ठेवून बसलो. आता बघू कोण आवाज दाबतंय!

गल्लीतली बाया-माणसं जमली. मुलाखत सुरू झाली आणि भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. छबुबाई दारातून हात पुढं करून काहीतरी दाबत होती, घाबरीघुबरी झाली होती.

"अहो, बारीक करा जरा!"

"गप बस! आज आवाज बसणार न्हाई!" सुंदरराव तिच्यावर खेकसले.

ती बाहेर पळाली. टीव्हीतले सुंदरराव गरजले, "टँकर प्रत्येक दारात थांबेल, ही माझी जबाबदारी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मला तर भरून आलं.

मुलाखत संपली. शांततेत लांबून हॉर्न ऐकू आला, पुढच्या वस्तीवरून. छबुबाई रिकामी कळशी घेऊन दारात उभी होती, घामानं थबथबलेली.

"गेला टँकर. मी पोचेस्तोवर धुरळाच ऱ्हायला."

तिच्या दुसऱ्या हातात रिमोट होता.

"ह्यो कशाचा?" सुंदररावांनी विचारलं.

"ह्याच डब्याचा. पहिल्या दिवसापासून माझ्यापाशी हाय. गाडी वाजली की बारीक करायचं, हॉर्न हाय का ऐकायचं, न्हाई तर पुन्ना मोठा. आज ह्या कर्ण्यापुढं त्याचं काई चाललं न्हाई."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं की तुमी म्हणणार, चेअरमनच्या दारात टँकर थांबतोच. अन् ह्या भाऊजींनी पालीची झडती घेतली, मला काई इचारलं न्हाई."

म्हातारी भिवराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "चेअरमन, आवाज लई झ्याक आला. पाणी कुठाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी, सटवा आणि सुंदरराव बैलगाडीत ड्रम टाकून टँकरमागं पळालो.

त्या दिवसापासून टँकरच्या दिवशी मी सकाळपासून कोपऱ्यावर बसतो. हॉर्न वाजला की पळत येऊन सांगायचं, हे काम छबुबाईनं दिलंय. नाही म्हणायची सोय नव्हती. कान सशाचे, हे मीच गावभर सांगत हिंडलो होतो.