वाजवू का, आक्का?

पेटी वाजवण्यापेक्षा परवानगी मागण्यात जास्त वेळ घालवणारा कलावंत मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे हसनभाई. पलूसला बाजाराच्या दिवशी ते हातगाडीवर पायपेटी घालून यायचे, चिंचेखाली गाडी लावायचे आणि भोवतालच्या प्रत्येक दाराशी जाऊन विचारायचे, "कुणी निजलंय का? कुणी आजारी हाय का? वाजवू का?" ही फेरी पुरी होईपर्यंत निम्मा बाजार उठलेला असायचा.

भाई मूळचे मिरजेचे. एका नाटक कंपनीत पायपेटी वाजवण्यात त्यांचं सगळं तरुणपण गेलं. पुढं बोलपट आले, कंपनी बसली आणि मालकांनी पेटी त्यांच्या हवाली केली. पोटासाठी ते स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करायचे. पेटी मात्र निव्वळ हौसेची. पुढ्यात कधी ताटली ठेवली नाही. मी पलूसच्या शाळेत मास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहणारा. त्यामुळं गाडी ढकलायला हक्काचा. गाडीचं एक चाक असं कुरकुरायचं, की आम्ही येतोय हे वेशीपासून कळायचं.

उघड्यावर वाजवायची त्यांची रीत ठरलेली होती. "नाटकाला लोक आपल्या पायानं येत्यात, मास्तर. हितं आपुन त्येंच्या दारात जातोय. पावण्यानं पावण्यासारखं ऱ्हावं." बांग सुरू झाली की हात थांबायचे, देवळात आरती सुरू झाली तरी थांबायचे. शेजारी भांडण लागलं असेल तर तेही पुरं होऊ द्यायचे. "आदी त्येंनी सुरू केलंय," म्हणायचे. एकदा शिराळ्याला नागपंचमीत चार हौशी लोकांनी गळ घातली, की नागापुढं पेटी वाजवा, बघा कसा डोलतो. भाईंनी झाकण लावलं. "नागाला कान न्हाईत गड्या. त्येला कशाला तरास?"

पण एकदा का त्यांनी भाता मारून पहिला सूर धरला, की गूळवाला तराजू हातात घेऊन तसाच उभा राहायचा. मला सुरातलं ओ का ठो कळत नाही. तरी त्या दिवशी शाळेत माझ्या हातून कुणाला मार बसायचा नाही, एवढं खरं.

पुढं मात्र हे चिंचेखालचं वाजवणं बंद पडलं. चिंचेसमोरच सोनाक्काचं घर. तिचा एकुलता एक लेक श्रीपती पलटणीत होता, आणि ब्रह्मदेशाकडच्या लढाईत तो बेपत्ता झाल्याची तार आली. त्यानंतर भाई सगळ्यांत शेवटी तिच्या दाराशी जायचे.

"वाजवू का, आक्का?"

"नगं, भाई."

"बरं."

सगळी पेठ हो म्हणालेली असायची, आणि भाई मुकाट गाडी वळवून पार ओढ्यापलीकडं जायचे. तिथं श्रोते म्हणजे चार म्हशी आणि मी. इकडं बाजार चरफडायचा. एका म्हातारीपायी आमचं गाणं गेलं, असं गूळवाला उघड म्हणायचा.

लढाई संपली तरी हेच चाललं. शेवटी मीच वैतागलो. "भाई, ती नगंच म्हणणार. मग सरळ ओढ्याकडं जाऊ की! विचारता कशाला?"

भाईंनी गाडी थांबवली. "मास्तर, तार आल्यापासनं त्या दारात कोण जातंय? बाया वाट बदलून पाण्याला जात्यात. मी इचारलं की ती दार तरी उघडती. नगं म्हणती, पर बोलती."

मला लाज वाटली. त्या दारावरून मान खाली घालून जाणाऱ्यांत मीही होतो.

आणि एका बाजारी भाईंनी कडीला हात लावायच्या आतच दार उघडलं. सोनाक्काचे डोळे रडून सुजले होते, आणि ती हसत होती.

"वाजवा भाई! आज लय वाजवा. माजा शिरपती आला. सकाळच्या गाडीनं उतारला."

"कुटं हाय?" भाईंनी विचारलं.

"दोन घास खाल्लं न् पडलाय. पर तुमी वाजवा."

भाईंनी आत डोकावून पाहिलं. नुसती हाडं उरलेला एक माणूस घोंगड्यावर पायांतल्या बुटांसकट झोपला होता. तोवर आमच्यामागं सगळा बाजार जमला होता. भाई चिंचेखाली आले, पेटीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "चला मास्तर, वढ्याकडं."

"अहो भाई, आज ती हो म्हणाली!"

"व्हय म्हणाली. पर घरात कुणीतरी निजलंय न्हवं?"

यावर कुणी हसलं नाही. गूळवाला तराजू ठेवून पुढं आला आणि गाडीला हात लावताना म्हणाला, "भाई, हे चाक वरडतंय." मग आम्ही सात-आठ जणांनी पेटीसकट गाडी उचलली आणि सोनाक्काच्या दारावरून पावलं न वाजवता नेली. हसनभाई डोळे पुसत पुढं चालले होते, ओठावर बोट ठेवून सगळ्या बाजाराला गप्प करत.