मायेचा रस

अख्खी मंगळवार पेठ उंदरांना सापळे लावत होती, तेव्हा आमच्या शेजारच्या खोलीत घाटगे सर उंदरांची बाळंतपणं करत होते. पांढऱ्या उंदरांची, अर्थात. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि तिथं जागा नाही म्हणून प्रयोग घरी आणत.

त्यांचं एकच पालुपद, "सगळं रसाचं काम हाय!" बाळंतिणीच्या रक्तात कसलासा रस उतरतो, म्हणून तिला माया येते. रस नाही तर माया नाही. घरमालकीण आक्कांची म्हैस रेडकाला चाटू लागली की सर गोठ्याच्या दारातून ओरडत, "बघा, रस!" माझ्या बायकोनं पोराला धपाटा घातला की खिडकीतून आवाज येई, "वहिनी, रस कमी पडला!" आमच्याकडचा त्यांचा चहा त्यापायीच बंद झाला.

एकदा आक्कांनी विचारलं, "मास्तर, गावाकडं आई हाय न्हवं?"

"ती मला जन्म देऊनच गेली. नेसरीला चुलती हाय, तिनं वाढवलं. पण तिला पोरबाळ न्हाय, मग रस कुठला? कर्तव्य केलं बिचारीनं."

हे त्यांनी इतक्या थंडपणे सांगितलं की मला त्यांचा राग आला.

मग तो प्रयोग झाला. दोन कुवार उंदरिणी, दोन पिंजरे आणि दोघींपुढे परकी पिल्लं. एकीला रसाची सुई, दुसरीला नुसत्या पाण्याची. सुईवालीनं पिल्लं गोळा केली, पाणीवालीनं ढुंकूनही पाहिलं नाही आणि सरांनी गल्लीभर पेढे वाटले.

पुढं काही दिवसांनी सकाळीच सरांची आरोळी ऐकू आली. आम्ही धावलो. पाणीवालीनंही कापसाचं घरटं करून पिल्लं पोटाशी घेतली होती. शेजारी हळिवाचा लाडू.

"ह्यो लाडू कुणी ठेवला?"

"मीच की," आक्का म्हणाल्या. "बाळंतिणीला नको व्हय?"

"अवो, ही बाळंतीण न्हाय, कुवार हाय! थेंबभर रस न्हाय हिच्या अंगात!"

"मग पिल्लं कशी घेतली वो पोटाशी?"

सरांनी पिंजऱ्यावरची चिठ्ठी काढून पुन्हा वाचली.

"चार दिवस लेकरं म्होरं वळवळली की माया लागतीच, मास्तर. त्याला सुई कशाला?"

सर त्या दिवशी कॉलेजला गेले नाहीत. पिंजऱ्यापुढं नुसते बसून राहिले. दुपारी माझ्या दारात आले ते इस्त्रीचा कोट घालून. हातातल्या पिशवीत नवं लुगडं आणि आक्कांचे हळिवाचे लाडू.

"तेवढं उंदरांना दूधपाव घाला. मी नेसरीला निघालोय."

"चुलतीकडं?" मी विचारलं.

सरांनी कोटाच्या बाहीनं नाक पुसलं.

"आईकडं," ते म्हणाले.