थिजलेलं इंधन

शववाहिकेच्या टाकीत शेवटचा कॅन रिकामा करून मेव्हण्याने हात पुसले. "दाजी, आजपासून तुमची गाडी हिरवी!"

"काळीच बरी होती," तात्या म्हणाले. "लोक रडत बसतात तीत."

तात्या तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते. मिळालेल्या पुंजीतली अर्धी या शववाहिकेत गेली, अर्धी मेव्हण्याच्या कारखान्यात. तिथे हॉटेलांतलं वापरलेलं तेल गोळा करून डिझेलऐवजी चालणारं इंधन बनत असे. हवा स्वच्छ राहणार होती आणि नफा, मेव्हण्याच्या म्हणण्यानुसार, रग्गड होणार होता. पण एकही वाहनमालक ते इंधन घेईना. "तुमचा भागीदार तरी वापरतो का?" असं जो तो विचारी. शेवटी तात्यांनी मन घट्ट केलं.

पहिली फेरी एका निवृत्त पोस्टमास्तरांची लागली. सकाळची थंडी मी म्हणत होती. पार्थिवाशेजारी त्यांची बायको, मुलगा आणि चार नातेवाईक बसले. मेव्हणा पुढे, तात्यांच्या बाजूला. स्मशानातल्या विद्युतदाहिनीची वेळ नऊची होती. ती चुकली की थेट दुपार.

गाडी निघाली आणि मागच्या फटीतून तळणीचा खमंग वास आत शिरला. हुंदके मंदावले. एका काकांच्या पोटात गुरगुरलं, ते त्यांनी खोकून झाकलं. मुलाने रुमाल नाकाला लावला. पोस्टमास्तरीणबाई तेवढ्या समोर बघत राहिल्या.

पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली.

मेव्हण्याने फिल्टर उघडला. आत तुपासारखा पांढरा गोळा.

"थिजलंय," तो म्हणाला. "थंडीनं होतं असं."

"हे तुला ठाऊक होतं?"

"कारखान्यात ऊब असते हो, दाजी."

खांदा द्यायला आलेल्यांनी आधी गाडीला खांदा दिला. चढावर ती तसूभर हलेना. मग तात्यांनी ब्रेक धरत ती मागे घरंगळू दिली आणि पुलाच्या पायथ्याशी एका हॉटेलसमोर उभी केली. हॉटेलवाला झारा घेऊनच बाहेर आला.

"सकाळी सकाळी माझ्या दारात मढं? माझं गिऱ्हाईक..." तो थांबला, दोनदा नाक ओढलं. "अहो, हे तर माझ्याच कढईतलं तेल! साबण करणार म्हणाला होतात ना तुम्ही?"

"स्वच्छतेचंच काम आहे," मेव्हणा म्हणाला आणि फिल्टरवर ओतायला गरम पाणी मागितलं.

पाणी तापेपर्यंत त्याला गप्प बसवेना. तो काकांना सांगू लागला, "भविष्य यातच आहे काका. आत्ता थोडे गुंतवलेत तर..."

मुलाने त्याची गचांडी धरली. "माझा बाप रस्त्यावर पडलाय आणि तू धंदा करतोस?"

तात्या मध्ये पडले, हात जोडले. तीस वर्षांत त्यांची बस कधी पाच मिनिटं उशिरा पोचली नव्हती. आज आपण मेलेल्या माणसाला उशीर केला, या विचाराने त्यांना कुणाकडे बघवेना. मुलगा दुसरी गाडी मागवायला फोन काढू लागला.

"गाडी बदलायची नाही," आतून आवाज आला.

पोस्टमास्तरीणबाई पहिल्यांदाच बोलत होत्या. "अकरा वर्षं मी यांना तळलेलं दिलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं. सगळं उकडलेलं खायला घातलं. परवा म्हणाले, एकदाच काहीतरी तळ. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात रिपोर्ट येऊ दे, मग बघू." त्यांनी पार्थिवावरची चादर सारखी केली. "राहू दे त्यांना या वासात जरा वेळ. घाई कसली आहे आता?"

हॉटेलवाल्याने झारा खाली ठेवला. मुलाने फोन खिशात घातला आणि आईशेजारी जाऊन बसला. काका पाठ वळवून डोळे पुसू लागले. गरम पाण्याने इंधन सैल झालं तरी तात्यांनी लगेच किल्ली फिरवली नाही.

नऊची वेळ हुकली ती हुकलीच. अग्नी दुपारी मिळाला.

त्याच संध्याकाळी तात्यांनी मेव्हण्याला सांगितलं, "माझा हिस्सा मोकळा कर. मला हा धंदा झेपत नाही." मेव्हण्याने त्या हिश्श्याला गिऱ्हाईक शोधून आणायला सांगितलं. आठवडा गेला, कुणी मिळेना.

मग एका सकाळी पोस्टमास्तरांचा मुलगा दारात उभा राहिला. आता तक्रार येणार म्हणून तात्यांनी आधीच मान खाली घातली.

"आईला बाबांचे थोडे पैसे तुमच्या कारखान्यात घालायचेत," तो म्हणाला.

हिस्सा खपत होता, सुटका समोर उभी होती. पण तात्यांची जीभ खोटं बोलायला वळेना. "नका हो! ते थंडीत थिजतं. तुम्ही पाहिलंत ना!"

"मीही तेच म्हटलं तिला," मुलगा म्हणाला. "तर म्हणते, तुझे बाबाही थंडीत दहापर्यंत हलायचे नाहीत. म्हणून मी त्यांना सोडलं होतं का?"